याहून कमी नाही

रात्रीची जेवणं आटोपली की मी लॅपटॉप उघडून बसते. काळ्या पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरकत असतात. एका रकान्यात आतापर्यंत सापडलेलं सर्वांत चांगलं उत्तर. शेजारच्या रकान्यात एक हद्द, जिच्याखाली कोणतंही उत्तर जाऊच शकत नाही अशी. पहिला आकडा वरून खाली येतो, दुसरा खालून वर चढतो. तिसऱ्या रकान्यात त्या दोघांमधलं अंतर टक्क्यांत: 4.37, 4.37, 4.36. आम्ही त्याला गॅप म्हणतो. सुरुवातीला पहिला आकडा धाडधाड उतरतो, मग कुठेतरी बसतो तो बसतोच. त्यानंतर हलतो तो फक्त दुसरा. चहा करून, पिऊन, कप विसळून यावं, तरी त्याचा शेवटचाच अंक बदललेला असतो.

आई पलीकडे शब्दकोडं सोडवत असते. एकदा तिने विचारलं, "अजून उत्तर नाही आलं?"

"आलंय. संध्याकाळीच आलं."

"मग कशाची वाट बघतेस?"

"याच्याहून चांगलं नाही कशावरून, ते बघतेय."

तिने चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, पण तुला कुणी विचारलंय का ते?"

कुणीच विचारलेलं नव्हतं.

माझं काम ऑपरेशन्स रिसर्चमधलं. त्यातही कॉम्बिनेटोरियल ऑप्टिमायझेशन. पर्याय मोजता येतात, पण मोजून संपत नाहीत, अशा ढिगातून सर्वांत चांगला पर्याय निवडायचा. लग्नाकार्यात हे नाव सांगितलं की समोरचा माणूस एक तर ऑपरेशन थिएटरबद्दल विचारतो, नाहीतर मुंबईच्या डबेवाल्यांबद्दल बोलायला लागतो. डबेवाल्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांचं अर्धं वेळापत्रक लोकल ठरवते आणि उरलेलं झाकणावरच्या खुणा. आमच्या समीकरणांवाचून त्यांचं कधी अडलेलं नाही.

सध्या माझ्या पडद्यावर आहेत ते दुधाचे टँकर. पहाटे कोणत्या टँकरने कोणत्या क्रमाने कुठल्या गावांतून दूध उचलायचं आणि दूध नासायच्या आत शीतकरण केंद्रावर कसं पोचायचं, हा प्रश्न. दूध संघाच्या माणसांना आत्ताच्यापेक्षा चांगले मार्ग हवे होते. ते मिळाले, त्यांचं समाधान झालं. उरलेल्या चार टक्क्यांत त्यांना रस नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. रस्त्यात एक वरात लागली, एक पूल दुरुस्तीला निघाला, की आमचे चार टक्के तिथेच वाहून जातात. शिवाय एका चालकाला एका गावात शेवटीच जायचं असतं, कारण तिथे त्याची सासुरवाडी आहे आणि सकाळचा चहा तिथेच होतो. ही अट कुठल्याही तक्त्यात नसते, पण ती मोडून दाखवा बघू.

अशा अटींची सवय मला घरातच लागली असावी. चुलतभावाच्या लग्नाच्या पत्रिका वाटायचं काम बाबांकडे होतं. दिवाणावर पत्रिकांचा ढीग, हातात बॉलपेन, खाली स्कूटर. पुण्याच्या रिवाजाप्रमाणे पहिली पत्रिका कसबा गणपतीला. तिथपर्यंत सोपं. पण दुसरी आत्याकडे, आणि आत्या राहायची हडपसरला. थोरल्या बहिणीकडे आधी न जाता वाटेवरचं म्हणून शेजाऱ्याला पत्रिका दिली असती, तर ते पुढची दहा वर्षं ऐकावं लागलं असतं. मान संपला की मग भूगोल सुरू व्हायचा: शनिवार, नारायण, सदाशिव, पूल ओलांडून डेक्कन, कोथरूड. बाबा पत्रिका पिसल्यासारख्या वरखाली करायचे आणि चार मिनिटांत निघायचे.

घर धरून दहा ठिकाणं असतील, तर ती फिरून परत यायचे 1,81,440 वेगवेगळे मार्ग होतात. पंधरा ठिकाणांना हा आकडा 4,358 कोटींच्या पुढे जातो. बाबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बरं झालं मला माहीत नव्हतं. त्यांचा मार्ग चांगला होता. सर्वांत चांगला होता का, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. पटलं की निघायचं.

फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न म्हणून जगभर ओळखला जातो तो हाच. गणितज्ञांच्या कितीतरी आधी तो विक्रेत्यांना पडला होता. 1832 मध्ये जर्मनीत एका जुन्या फिरस्त्या विक्रेत्याने नवशिक्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं याच्याबरोबर कोणत्या गावाहून कोणत्या गावाला जावं हेही त्यात आहे. आपल्या मार्गांपेक्षा काटकसरीचे मार्ग आखता येणार नाहीत, असा विश्वासही त्याने व्यक्त केलाय. त्याच्याकडे पुरावा काहीच नव्हता. वर्षानुवर्षं त्या रस्त्यांवर बूट झिजवलेल्या माणसाचा तो विश्वास होता आणि मला तो आवडतो. पण विश्वासाच्या पुढे जायचं म्हटलं तर पाऊल टाकायचं कुठे? जे मार्ग आपण पाहिलेच नाहीत, पाहणं शक्यच नाही, त्यांच्याबद्दल ठामपणे बोलायचं कसं?

इथे एक युक्ती आहे. ती फळ्यावर काढायची वेळ आली की मला अजूनही आनंद होतो. शहरांचे ठिपके काढायचे. प्रत्येक ठिपक्याभोवती एक वर्तुळ, हवं तेवढं मोठं, पण दोन वर्तुळं एकमेकांत घुसता कामा नयेत. आता विक्रेत्याला प्रत्येक शहरी जायचंच आहे. म्हणजे वर्तुळात शिरून मध्यापर्यंत जायचं आणि मध्यापासून पुन्हा बाहेर पडायचं. त्रिज्या दहा किलोमीटर असेल तर त्या एका शहरापायी निदान वीस किलोमीटर झालेच. सगळ्या त्रिज्यांची बेरीज करून दुप्पट करा. विक्रेता शहाणा असो वा वेंधळा, त्याची फेरी याहून लहान होणार नाही. एकही मार्ग न तपासता आपण सगळ्या मार्गांबद्दल काहीतरी खरं बोललो.

आणखी पुढे जाता येतं. नागपूर, वर्धा, अमरावती ही एक टोळी घ्या. पुणे, सातारा, कोल्हापूर ही दुसरी. वर्तुळं फुगवत नेली की आपापल्या टोळीत ती एकमेकांना टेकतात आणि अडतात. दोन टोळ्यांच्या मधे मात्र कितीतरी मुलूख मोकळा पडलेला असतो. मग अख्ख्या टोळीभोवती मिळून एक खंदक खणायचा. विक्रेत्याला विदर्भात जायचंय आणि परतायचंय, तेव्हा खंदक दोनदा ओलांडणं आलं. बेरजेत त्याच्या रुंदीच्या दुप्पट भर पडली. वर्तुळांचं आणि खंदकांचं हे चित्र मायकेल युंगर आणि विल्यम पुलीब्लँक या दोघांनी काढून दाखवलं. खंदक खणत खणत खालची हद्द वर येते. क्वचित ती थेट सापडलेल्या मार्गाच्या लांबीला जाऊन टेकते, आणि मग बोलण्यासारखं काही उरत नाही. बहुतेकदा थोडी खालीच राहते. मग आणखी बारीक, आणखी तिरकस अटी शोधाव्या लागतात. आमच्या क्षेत्रातल्या कित्येकांचं आयुष्य त्या अटी शोधण्यात गेलंय.

चित्र नंतरचं, पण त्यामागचं गणित 1954 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये तिघांनी हाताने केलं होतं. जॉर्ज डँट्झिग, रे फुल्कर्सन आणि सेल्मर जॉन्सन. अमेरिकेच्या तेव्हाच्या 48 राज्यांतलं एकेक शहर आणि वॉशिंग्टन, अशी 49 शहरं. अंतरं रस्त्यांच्या नकाशाच्या पुस्तकातून घेतलेली. त्यांनी प्रत्यक्षात सोडवला तो 42 शहरांचा प्रश्न, कारण वॉशिंग्टन ते बोस्टन या वाटेवर उरलेली सात आपोआप लागत होती. 42 शहरांचे संभाव्य मार्ग मोजायला पन्नास आकडी संख्या लागते. त्यांनी मार्ग मोजले नाहीत. प्रत्येक शहराला दोन रस्ते जोडलेले हवेत, एवढी एकच अट ठेवून गणित सोडवलं, की उत्तर तुटक येतं; काही शहरांचं एक कडं इथे, काहींचं दुसरं तिथे. मग या कड्यातून बाहेर निदान दोन रस्ते गेलेच पाहिजेत, अशी अट घालायची आणि पुन्हा सोडवायचं. ही अट म्हणजेच तो खंदक. मोजक्याच अटींत त्यांची हद्द मार्गाला येऊन भिडली. 12,345 मैल. पोराने गृहपाठात खोटा लिहावा असा आकडा, पण तो खरा आहे, आणि त्याहून छोटी फेरी नाही हे त्या दिवसापासून कुणालाही तपासून बघता येतं.

पुढचा इतिहास शहरांच्या वाढत्या संख्येने सांगतात. मला त्यातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. स्वीडनमधली गावं, वाड्या, वस्त्या अशी 24,978 ठिकाणं. 2003 मध्ये डेन्मार्कच्या केल्ड हेल्सगाउन यांच्या प्रोग्रॅमने त्यांतून जाणारी एक फेरी शोधली, साधारण 72,500 किलोमीटरची. त्याहून चांगली कुणालाच सापडेना. मग डेव्हिड अॅपलगेट, रॉबर्ट बिक्सबी, वाशेक ख्वाताल आणि विल्यम कुक ही मंडळी, हेल्सगाउन यांना बरोबर घेऊन, खालून निघाली. मे 2004 मध्ये सिद्ध झालं की तीच फेरी सर्वांत छोटी. कितीतरी संगणक एकाच वेळी जुंपले होते म्हणून जमलं. एकाच प्रोसेसरवर टाकलं असतं तर हिशोब सुमारे 85 वर्षांचा झाला असता. या सगळ्या श्रमांनी त्या फेरीत एका मीटरचाही फरक पडला नाही. एकाही गावाचा क्रम बदलला नाही. आधी होती तीच रेघ नंतरही तशीच.

आईच्या त्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, पण तो प्रश्न याच रेघेबद्दलचा आहे. काहीही न बदलणाऱ्या कामात माणसं एवढी का रमतात? तेवढ्याने ट्रकचं डिझेल वाचत नाही. नोकरीत बढती मिळते म्हणावं, तर तीही इतर सोप्या कामांनी लवकर मिळते. मला वाटतं, इतर कुठेही मिळत नाही अशी एक गोष्ट इथे मिळते. आई अधूनमधून म्हणते, तेव्हा नागपूरची बदली घेतली असती तर बरं झालं असतं. कदाचित झालं असतं. कदाचित बाबांचा दमा तिथे कमी झाला असता, मोठं घर झालं असतं, किंवा काहीच झालं नसतं. न घेतलेल्या वाटांची लांबी कुणी मोजलेली नाही. तिथे खालची हद्द नाही, गॅपचा रकाना नाही. नुसतं 'असतं तर' आहे, आणि ते कितीही ताणता येतं. माझ्या पडद्यावर मात्र न घेतलेल्या सगळ्या वाटा, पन्नास आकडी संख्येने मोजाव्या लागणाऱ्या, एका बेरजेत गप्प होतात. एवढ्या मोठ्या 'असतं तर'ला एवढं छोटं उत्तर. मला त्याची चटक लागली आहे.

हे उत्तर कशाबद्दलचं आहे ते मात्र विसरून चालत नाही. याच डँट्झिग यांनी लिहून ठेवलेली एक आठवण आहे. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतःचा आहार संगणकाकडून ठरवून घ्यायचं मनावर घेतलं. पोट भरल्यासारखं वाटावं आणि उष्मांक मर्यादेत राहावेत; भरल्यासारखं वाटणं म्हणजे अन्नाच्या वजनातून त्यातलं पाणी वजा. संगणकाने मन लावून गणित सोडवलं आणि रोज 500 गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितलं. तक्त्यात व्हिनेगरमधल्या पाण्याची नोंद शून्य होती. व्हिनेगर यादीतून काढलं तर दुसऱ्या दिवशी 200 बुइयाँ क्यूब, म्हणजे सुपात घालायच्या खारट वड्या. त्याही उत्तराला सिद्धता होती. दिलेल्या आकड्यांत आणि दिलेल्या नियमांत याहून चांगलं काही नव्हतं. शेवटी त्यांच्या जेवणाचा ताबा त्यांच्या पत्नीने घेतला आणि वजन उतरलं. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं हसतात, आणि मला चालकाची सासुरवाडी आठवते.

फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नाकडे आपल्याकडच्या एका माणसाने अगदी वेगळ्या बाजूने बघितलं होतं. 1930 च्या दशकाच्या अखेरीस प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमधल्या ताग पिकाची पाहणी करत होते. नमुन्यासाठी निवडलेल्या जागा सगळीकडे विखुरलेल्या, माणसांना साहित्य घेऊन एकीकडून दुसरीकडे जायचं, आणि त्या जाण्याचा खर्च आधी अंदाजपत्रकात धरायचा. त्यांना मार्ग नको होता. त्यांना मार्गाची लांबी हवी होती, मार्ग न शोधता. त्यांनी ताडलं की ती ठिकाणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढते. जागा चौपट केल्या तर चालणं साधारण दुप्पट. 1959 मध्ये बिअर्डवुड, हाल्टन आणि हॅमर्स्ली यांनी याची पक्की सिद्धता दिली. मला यातली बेफिकिरी फार भावते. कोण कुठून जाईल ते जाईल, एकूण इतकं पडेल. जमाखर्च सांभाळणाऱ्या माणसाची ही नजर आहे, आणि तिच्यातून केवढं गणित निघालं.

पडद्यावरच्या त्या दुसऱ्या रकान्यात एका मराठी घरातल्या मुलाचाही हात आहे, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हद्दीचा प्रत्येक नवा आकडा येतो तो रेषीय समीकरणांचा एक मोठा प्रश्न सोडवून. त्यासाठी डँट्झिग यांची 1947 ची रीत होती. शक्य उत्तरांचा जो अनेक पैलूंचा आकार बनतो, त्याच्या कडाकडांनी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात राहायचं. 1984 मध्ये नरेंद्र करमरकर यांनी कडा सोडून थेट आकाराच्या आतून जाणारी वाट काढली. जन्म ग्वाल्हेरचा, शिक्षण आयआयटी मुंबई आणि पुढे बर्कलीला, तेव्हा अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये, वय 28. न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली होती. आज असे प्रश्न सोडवणाऱ्या कुठल्याही चांगल्या प्रोग्रॅममध्ये आतली वाटही असते आणि कडेचीही. कोणती कधी घ्यायची, याचे ज्याचे त्याचे ठोकताळे.

ठोकताळ्यांशिवाय आमचं भागत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. 1976 मध्ये निकोस क्रिस्टोफिडीस यांनी, आणि त्याच सुमाराला सोव्हिएत संघात सेर्द्युकोव्ह यांनी, अशी एक जलद रीत दिली की निघणारा मार्ग सर्वांत छोट्या मार्गाच्या दीडपटीहून जास्त भरणार नाही. रीत इतकी सुबक की विद्यार्थ्यांना एका तासात शिकवून होते. मग चाळीसहून जास्त वर्षं ते दीड दीडच राहिलं. 2020 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अॅना कार्लिन, नेथन क्लाइन आणि शायान ओवेस घरान यांनी ते कमी करून दाखवलं. किती? दशांशचिन्हानंतर 35 शून्यं आणि मग एक, एवढ्याने. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच 'किंचित' हा शब्द कंसात आहे. पृथ्वीच्या पाठीवरच्या कुठल्याही टँकरला याचा कधीही उपयोग होणार नाही. बातमी आली त्या आठवड्यात आमच्या विभागात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. दीड ही भिंत नव्हती, हे कळलं होतं.

अलीकडे मी एका वेगळ्याच फेरीच्या नादाला लागले आहे. 2009 मध्ये रॉबर्ट बॉश यांनी एक लाख ठिपक्यांचा असा प्रश्न तयार केला, की त्यांतून एकच अखंड रेघ नेली तर मोनालिसाचा चेहरा उमटतो. त्याच वर्षी जपानच्या युइची नागाता यांनी 57,57,191 लांबीची फेरी शोधली. 2012 पर्यंत खालची हद्द 57,57,084 वर आणली गेली. मधे उरले 107. नागाता यांच्याहून छोटी फेरी दाखवणाऱ्याला हजार डॉलरचं बक्षीसही ठेवलेलं आहे. नागाता यांच्या रेघेत केसांच्या सावलीत कुठेतरी चार ठिपके चुकीच्या क्रमाने जोडले गेले असतील. किंवा रेघ अगदी बरोबर असेल आणि खंदकच अजून पुरेसे रुंद झाले नसतील. दोन्ही बाजूंनी माणसं कामाला लागली आहेत. बक्षीस फक्त वरच्या बाजूला आहे, आणि मी खालच्या.